झुलव्यातला नट आणि सत्तेचा मांडव

११ ऑक्टोबर २०२४ ला सयाजी शिंदे अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. विधानसभा महिन्यावर आली होती. प्रवेशाच्याच कार्यक्रमात त्यांना स्टार प्रचारक करून टाकलं. गोदीत माझ्या पाळीवर सातारा-सांगलीकडची सात-आठ पोरं आहेत. त्यांच्या मोबाईलवर फोटो फिरले, 'आपला माणूस' म्हणून. आपला माणूस! दोस्तांनो, हा माणूस कुणाच्या खांद्यावरून वर चढला ते आधी बघू.

सातारा तालुक्यातलं वेळे-कामथी हे त्यांचं गाव. पाटबंधारे खात्यात वॉचमनची नोकरी, पगार महिन्याला १६५ रुपये. ह्या माणसाच्या घामाबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही, मी स्वतः बोजे उचलून खातो. मग १९८७ साली 'झुलवा' आलं. वामन केंद्रेंनी बसवलेलं नाटक, रंगावृत्ती चेतन दातारांची. आणि मूळ कादंबरी कुणाची? उत्तम बंडू तुपे यांची. खटाव तालुक्यातल्या एनकूळचा मातंगाचा पोरगा. यल्लमाच्या नावावर सोडलेल्या पोरींचं, जोगत्यांचं जिणं त्यानं कागदावर आणलं. त्या नाटकानं शिंद्यांना नाव दिलं. पुढं १९९९ चा 'शूल', मग तेलुगू, तमिळ, पैसा, प्रसिद्धी. तुपे मात्र २०२० साली पुण्यात गेले, जनवाडीच्या झोपडीत हलाखी भोगून. आजवर कुठल्या पक्षानं त्यांना स्टार प्रचारक केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

२००० साली शिंदे तमिळ 'भारती'त सुब्रह्मण्य भारती झाले. भारती बामण कवी, पण पाँडिचेरीत कनकलिंगम नावाच्या दलित पोराला त्यानं जानवं घातलं. (जानवं घालून जात जात असती तर बाबासाहेबांना नागपूरला कशाला जावं लागलं असतं? असो.) खटावच्या दलिताच्या शब्दांवर उभा राहिलेला साताऱ्याचा नट तमिळ पडद्यावर जात नाकारणारा कवी होतो. इथपर्यंत मी पण टाळ्या वाजवतो.

आता तमिळनाडूचंच बघा, कारण पोरं म्हणतात, 'तिकडं नट मुख्यमंत्री होतो, मग आपला का नको?' होतो ना. पण तिथल्या नटामागं आधी पेरियारची चळवळ होती. अण्णादुराई, करुणानिधी लिहायचे आणि नट बोलायचे. एम.जी.आर. पडद्यावर रिक्षावाला झाला, नावाडी झाला. १९७२ ला द्रमुकनं हाकलला तर त्यानं स्वतःचा पक्ष काढला, १९७७ ला मुख्यमंत्री झाला. साहेबाच्या मांडवात खुर्ची मागायला गेला न्हाई.

आणि तरी आपल्या लोकांच्या पदरात काय पडलं? १९६८ च्या नाताळात किळवेणमणीला ४४ दलित शेतमजूर, बायापोरांसकट, झोपडीत कोंडून जाळले. तेव्हा मुख्यमंत्री होते पटकथा लिहिणारे अण्णादुराई. १९७८ साली विळुप्पुरमला १२ दलित मारले. तेव्हा खुर्चीवर होता पडद्यावरचा रिक्षावाला. २०२४ ला विजयनं पक्ष काढला. २७ सप्टेंबर २०२५ ला करूरच्या त्याच्या सभेत चेंगराचेंगरी होऊन ४१ माणसं मेली. नटाला डोळा भरून बघायला आलेली साधी माणसं. चळवळ मागं पडली आणि नट पुढं आला की असं होतं. आपल्याकडं तर मागं पडायला चळवळही ठेवली नाही, नुसता चेहरा उचलून नेला.

चेहरे उचलायची ही खोड जुनी आहे. फलटण २००९ पासून राखीव. आमदार आपला, पण तो कोण असावा हे निंबाळकरांच्या ह्या नाहीतर त्या गटात ठरतं, हे फलटणचं शेंबडं पोर सांगेल. आणि आपल्या घरात? कवठेमहांकाळच्या आगळगावचे रामदास आठवले. पँथरची गर्जना करत निघाले आणि २०११ ला शिवसेना-भाजपच्या मांडवात कविता म्हणायला बसले. सिनेमात तर त्यांनीपण काम केलं होतं.

शिंद्यांचं एक मी मानतो. २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायचा घाट घातला, तेव्हा हा गडी आपल्याच सरकारच्या विरोधात तिथं जाऊन उभा राहिला. सत्तेत राहून तोंड उघडता येतं, हे त्यानंच दाखवलं. म्हणून तर माझी मागणी आहे. झाडांसाठी उघडलेलं तोंड जोगतिणींसाठी कधी उघडणार?

देवदासी प्रथा बंद करणारा महाराष्ट्राचा कायदा २००५ चा. सांगली जिल्ह्यात जतला यल्लमाची जत्रा दर हिवाळ्यात भरते. शिंदे साहेब, त्या जत्रेत या. प्रचाराची गाडी नको, झेंडा नको. तुपेंचा 'झुलवा' तिथं उघड्यावर करा, तिकीट न लावता. नाटक संपल्यावर तुमच्या पक्षाच्या मंत्र्याला त्या म्हाताऱ्या जोगतिणींसमोर उभं करा, आणि कायद्यानं त्यांना काय दिलं ते त्यालाच विचारा. सतरंज्या आम्ही टाकतो. गोदीतून आठ जणांची रजा मी काढतो.