कर उतरला, भाडं उतरेल?

22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. नाशिकमधली तीन हजारांची खोली 3,360 ऐवजी 3,150 रुपयांना पडायला हवी. पण त्याचबरोबर हॉटेलवाल्यांचं इनपुट क्रेडिटही गेलं. चादरी, एसी, रंगकाम यांवर भरलेला कर आता वळता होत नाही, तो मूळ भाड्यात शिरतो. स्पर्धा भाव खाली आणेल, असं म्हणतात. एरवी आणेलही. सिंहस्थ कुंभमेळ्यात मात्र रामकुंडाजवळच्या खोलीचा भाव गर्दी ठरवते. तेव्हा वाचलेले 210 रुपये मालकाच्याच गल्ल्यात राहणार. साडेसात हजारांच्या वर, जिथे ही सवलत संपते, तिथे तर गंमतच आहे. 7,500ची खोली 7,875ला आणि 7,600ची थेट 8,968ला! अशा वेळी खोली साडेसात हजारांत बसवायला नाश्त्याचं बिल वेगळं फाडण्याचा मोह कोणाला होणार नाही?