पंगतीतील विषबाधा

लग्नाची पंगत असो वा उत्सवातील महाप्रसाद, जेवणानंतर माणसे उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात दाखल झाल्याच्या वार्ता वारंवार येतात. चार दिवस हळहळ होते, आचाऱ्यास दोष दिला जातो आणि प्रकरण मिटते. वस्तुतः असे प्रसंग बहुधा हयगयीतून ओढवतात. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. रात्री रांधलेला भात दुपारपर्यंत तसाच ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. ‘पुन्हा उकळले की झाले’ हा समज तर घातक होय. वाढप्याच्या हातावरील जखमेतून अन्नात शिरणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंनी एकदा विष निर्माण केले की ते उकळूनही नष्ट होत नाही.

साबणाने धुतलेले हात, शुद्ध पाणी, कच्च्या व शिजलेल्या अन्नाची वेगळी भांडी आणि रांधल्यापासून दोन तासांच्या आत पंगत, एवढ्यानेही पुष्कळ अनर्थ टळेल. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनी धार्मिक व सामाजिक समारंभांत अन्न वाटणाऱ्यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले. परंतु मंडप व रोषणाईवर सढळ हाताने खर्च करणारे संयोजक स्वयंपाकघरात डोकावतही नाहीत. यजमानपणाची खरी कसोटी तेथेच आहे.