भाव चढा होता, पण आपण माल फुकट दिला

मालेगाव मध्य विधानसभा मतदारसंघात २०२४ च्या निवडणुकीत जिंकलेल्या आणि हरलेल्या उमेदवारांत फक्त १६२ मतांचे अंतर होते. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १ लाख ९ हजार ६५३ मते पडली, आसिफ शेख रशीद यांना १ लाख ९ हजार ४९१. साऱ्या महाराष्ट्रात इतके कमी अंतर दुसऱ्या कोणत्याही जागेवर नव्हते. याच दोघांची गाठ २०१९ मध्ये पडली तेव्हा फरक ३८ हजार ५१९ मतांचा होता. १६२ म्हणजे किती? आमच्या बाजूच्या दहा-बारा कारखान्यांतले दोन्ही पाळ्यांचे मजूर एका ठिकाणी उभे केले तर तेवढी माणसे सहज भरतील.

कोण जिंकले आणि कोण हरले, यावर मला लिहायचे नाही. दोघेही आपल्याच शहराचे आहेत. मला हिशेब मांडायचा आहे तो आपला, म्हणजे व्यापाऱ्याचा, कारखानदाराचा आणि मागावर उभा राहणाऱ्या कारागिराचा. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी मी पेढीवर शिकलो. भाषेत चूक असेल तर दुरुस्त करून वाचावे. हिशेबात चूक असेल तर मला जरूर सांगावे.

बाजाराचा नियम आपण सगळे जाणतो. एकाच मालाला दोन तोलामोलाची गिऱ्हाइके उभी राहिली की भाव विकणाऱ्याच्या हातात येतो. २० नोव्हेंबर २०२४ ला मालेगावात नेमके हेच होते. दोन उमेदवार बरोबरीत, आणि प्रत्येक मोहल्ल्यातील मूठभर मतेही निकाल फिरवू शकतील अशी स्थिती. मताचा भाव इतका चढा पुन्हा कधी होईल, सांगता येत नाही. किंमत म्हणजे मी पैशांचे बोलत नाही. मतासाठी पैसे घेणे कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या दृष्टीने गुनाहही. किंमत म्हणजे काम. या चढ्या भावात आपण यंत्रमागासाठी कोणते काम ठरवून घेतले? माझ्या वहीत तरी त्या पानावर काहीच जमा नाही.

दोष दुसऱ्याला देण्याआधी माझी गोष्ट सांगतो. प्रचाराच्या दिवसांत एक उमेदवार आमच्या बाजारात आले. आम्ही सात-आठ व्यापाऱ्यांनी आदल्या रात्री बसून एक कागद तयार केला होता. वीज सवलत, नोंदणीतील अडचणी आणि छोट्या कारखानदाराला मिळणारे कर्ज, एवढ्या तीनच गोष्टी त्यात होत्या. उमेदवार आले, हार झाले, चहा झाला, फोटो झाले. प्रत्येक जण फोटोत पुढे उभा राहण्याच्या घाईत होता, मीही होतो. पाहुणे निघून गेले आणि कागद माझ्या खिशातच राहिला. दुसरे उमेदवार आले तेव्हा तो कागद घरी होता.

पुढची गोष्ट सांगायला लाज वाटते. मतदानाच्या दिवशी मी वसुलीसाठी राजस्थानात पालीला होतो. निघताना मुनीम म्हणाला, "शेठ, बुधवारी मतदान आहे, गुरुवारी जा." मी म्हणालो, "एका मताने काय होते?" पार्टीने त्या दिवशीही पैसे दिले नाहीत, पुढची तारीख दिली. शनिवारी, २३ तारखेला निकाल लागला आणि मुनीमाने मला काही न बोलता फक्त आकडा दाखवला.

आता थोडे मागे जाऊ. त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभेचे मतदान झाले. धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव फक्त ३ हजार ८३१ मतांनी निवडून आल्या, आणि त्यात एकट्या मालेगाव मध्यने त्यांना जवळपास २ लाख मते दिली होती. सहा महिन्यांत तीच मते दोन घरांत अर्धी-अर्धी वाटली गेली. मे महिन्यात आपण एक होतो, नोव्हेंबरात दोन झालो. पण मागाचा प्रश्न ना त्या वेळी मांडला, ना या वेळी. म्हणून मी म्हणतो, एकी असणे किंवा नसणे ही वेगळी गोष्ट आहे आणि मागणी असणे ही वेगळी. मागणी नसेल तर एकीचाही उपयोग दुसराच करून घेतो.

भिवंडीचे पाहा. भिवंडी पूर्वमध्ये समाजवादी पक्षाचे रईस शेख ५० हजारांहून अधिक मतांनी आले. शेजारच्या भिवंडी पश्चिममध्ये काँग्रेस, समाजवादी आणि एमआयएम असे तिन्ही पक्ष वेगवेगळे लढले आणि भाजपचे महेश चौघुले ३१ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. या दोन निकालांवर आपल्याकडे खूप चर्चा झाली. राज्यात १० मुस्लिम आमदार आले, २०१९ मध्येही १० च होते, याचीही मोजणी झाली. हे १० जण ६ पक्षांत आहेत, काही सत्तेच्या बाजूला, काही विरोधात. आपण डोकी मोजली. ही डोकी सभागृहात मागाविषयी किती वेळा उठून बोलतात, हे मोजणारा मला अजून भेटलेला नाही.

याउलट ज्यांचा हिशेब सरकारने स्वतःहून मांडला, त्यांच्याकडे पाहा. लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये दोन कोटींहून अधिक बहिणींच्या खात्यात जाऊ लागले. निवडणुकीत महायुतीने २१०० चे आश्वासन दिले, आघाडीने ३००० चे. २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळाल्या, त्यात या योजनेचा वाटा होता हे विरोधकही मान्य करतात. आपल्या घरातील बहिणींनाही ते पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. धडा एवढाच की, ज्याची मागणी एका आकड्यात सांगता येते त्याचे काम होते.

आपल्या मागणीलाही आकडा आहे. लोकसभेच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, राज्य सरकारने २७ अश्वशक्तीखालील यंत्रमागांना युनिटमागे १ रुपया आणि त्यावरच्यांना ७५ पैसे जादा वीज सवलत मंजूर केली. १२ मागांच्या छोट्या कारखान्यात महिन्याला ४ हजार युनिट धरले, तर एका रुपयाने ४ हजार रुपये होतात, वर्षाचे ४८ हजार. मजुरीच्या दरावर चालणाऱ्या कारखानदारासाठी ही रक्कम म्हणजे माग चालू ठेवणे आणि भंगारात देणे यांतला फरक आहे. पण माझ्या ओळखीचे एक कारखानदार नोंदणीच्या कागदांसाठी एका कार्यालयात चार खेपा घालून थकले. भाडेपट्टा वडिलांच्या नावावर, मीटर चुलत्याच्या नावावर, माग यांचे. अशी घरे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांचा प्रश्न सभागृहात कोणी मांडायचा?

इथे आपली आणखी एक चूक होते. कोणती किल्ली कोणाकडे आहे, हे न पाहता आपण दार ठोठावतो. विधानसभेच्या उमेदवाराशी आपण जीएसटीवर वाद घालतो. जीएसटीचा दर परिषदेत ठरतो, तिथे राज्याचा एक मंत्री बसतो, आमदार बसत नाही. पॉलिस्टर सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के हा उलटा हिशेब २२ सप्टेंबर २०२५ पासून सुतावरही ५ टक्के होऊन सुटला, तो दिल्लीत सुटला. गटार आणि गल्लीतला रस्ता महापालिकेचा. मग आमदाराची किल्ली कोणती? विजेची सवलत, तिच्या अटी आणि राज्याचे वस्त्रोद्योग धोरण. सध्याचे धोरण २०२३ ते २०२८ चे आहे. पुढची विधानसभा निवडणूक २०२९ मध्ये. म्हणजे नवे धोरण लिहिण्याची वेळ याच सभागृहाच्या मुदतीत येणार आहे. आपण ज्यांना निवडले, किंवा ज्यांना निवडायला गेलो नाही, त्यांच्याच काळात. निवडणूक संपली म्हणून व्यवहार संपलेला नाही. हिशेब खुला आहे.

इचलकरंजीत २०१९ मध्ये प्रकाश आवाडे अपक्ष निवडून आले, २०२४ मध्ये त्यांचे पुत्र राहुल आवाडे भाजपतर्फे. झेंडा बदलला, पण मागाचा विषय टाळून तिथे प्रचार करणे कोणालाच परवडत नाही. कारण तिथला कारखानदार आधी विजेचे बिल दाखवतो, हार नंतर घालतो. आपण क्रम उलटा ठेवला आहे.

कारागीर बांधवांविषयी एक बोलणे राहिले. मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देणे लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मालकावर बंधनकारक आहे, रोजंदारीवाल्यालाही ती लागू आहे. पण आपल्याकडे मजुरी मीटरवर. माग बंद तर हात रिकामा. त्यामुळे अनेक जण पाळी सोडून मतदानाला जात नाहीत, आणि मालकही आग्रह करीत नाही. मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढून एका दिवसाची मजुरी दिली तर कोणताही कारखाना बुडणार नाही. १६२ मतांच्या निकालात अशा किती पाळ्या चालू राहिल्या असतील, याचा विचार प्रत्येक मालकाने करावा. मी माझ्या दुकानातील हमालांना त्या दिवशी सुटी दिली होती की नाही, हेही मला पालीहून फोन करून विचारावेसे वाटले नव्हते.

व्यापारी बंधूंनो, आपण उधारीच्या पार्टीला दर आठवड्याला फोन करतो. आमदाराला पाच वर्षांतून एकदा हार घालतो. वर्षातून निदान दोनदा, अधिवेशनाच्या आधी, प्रत्येक बाजारातून तीन ओळींचा कागद जावा: काय मागितले, काय झाले, काय बाकी. सही सर्व पक्षांच्या माणसांची असावी, म्हणजे तो कागद कोणाविरुद्ध आहे असे कोणी म्हणणार नाही.

आमचा तो जुना कागद अजून माझ्या गल्ल्यात आहे. येत्या जुम्याला माग बंद असतील, तेव्हा आम्ही पुन्हा बसणार आहोत. दोन प्रती काढू, एक जिंकलेल्यांना आणि एक हरलेल्यांना. या वेळी चहा नंतर.