वसंतरावांचा काळा कोट

१९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणीनंतरची लोकसभा निवडणूक झाली आणि उत्तरेत काँग्रेसची पार धूळधाण उडाली. महाराष्ट्रातही पक्ष ४८ पैकी २० जागांवर अडकला. त्या वीस खासदारांत वाशिमचे वसंतराव नाईक होते. अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव दिल्लीला गेले ते वाशिमच्या मतांवर. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला त्यांचं निधन झालं, तेव्हाही ते वाशिमचेच खासदार होते. पुसद त्यांचं, हे सगळ्यांना माहीत आहे. वाशिमशी असलेलं नातं मात्र या जिल्ह्यातल्या तरुणांनाही सांगावं लागतं.

आपण त्यांना शेतकऱ्यांचा मुख्यमंत्री म्हणून ओळखतो. संकरित ज्वारी, हरितक्रांती, बहात्तरचा दुष्काळ, राहुरी-अकोला-परभणी-दापोलीची कृषी विद्यापीठं. हे सगळं खरंच आहे. पण या शेतकऱ्याने आधी वकिलीची सनद घेतली होती आणि त्यांच्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग त्या काळ्या कोटातून आला, असं माझं ठाम मत आहे.

१ जुलै १९१३ ला पुसद तालुक्यातल्या गहुलीत ते जन्मले. वडील फुलसिंग तांड्याचे नायक. तांड्यात तंटा झाला की बंजाऱ्यांची पंचायत, म्हणजे नसाब, भरायची. नायक आणि कारभारी दोन्ही बाजू ऐकायचे आणि सगळ्यांसमक्ष निवाडा द्यायचे. अशा घरातला मुलगा नागपूरला शिकला आणि १९४० मध्ये कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडला. आधी अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली आणि मग पुसदला त्यांनी वकिली केली. १९४१ मध्ये नागपूरच्या घाटे कुटुंबातल्या वत्सलाबाईंशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. त्या काळी यावर मोठं काहूर माजलं होतं.

तालुक्याच्या कोर्टात वकील रोज काय पाहतो? न झालेला फेरफार, पेरेपत्रकातून गायब झालेलं कुळाचं नाव, सावकाराने अंगठा घेतलेला कागद. न्याय आपल्या बाजूला असून भागत नाही, तो कागदावर असावा लागतो, हे तिथं दर तारखेला कळतं. १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ मध्ये आमदार आणि जुन्या मध्य प्रदेशात महसूल खात्याचे उपमंत्री, पुढे मुंबईत सहकार, कृषी आणि महसूल अशी खाती. हा प्रवास झाला तरी कोर्टातला हा धडा ते विसरले नाहीत.

१९६० मध्ये महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली. देशभर तेव्हा बलवंतराय मेहता समितीचा आराखडा चालू होता. त्यात भर पंचायत समितीवर होता आणि जिल्ह्याची परिषद नुसती सल्ल्यापुरती, तीही कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली. नाईक समितीने ते उलटवलं. खरी सत्ता जिल्हा परिषदेला द्या, तिचा कारभार पाहायला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमा आणि कलेक्टरला तिच्याबाहेर ठेवा, अशी शिफारस तिने केली. १९६१ मध्ये तसा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ज्या खात्याचा सगळा डोलारा कलेक्टरवर उभा होता, त्याच खात्याच्या मंत्र्याने कलेक्टरला बाजूला ठेवायला सांगितलं. याला धैर्य लागतं, आणि अधिकार नेमका कुठे लिहावा लागतो याची जाणही लागते.

रोजगार हमीचंही तसंच. कल्पना वि. स. पागे यांची. दुष्काळात तिला राज्यभर पसरवलं ते वसंतरावांच्या सरकारने. कायदा झाला १९७७ मध्ये, म्हणजे ते पायउतार झाल्यावर. पण मजुराने काम मागावं आणि सरकारने ते द्यावंच, हे सूत्र आधीच पक्कं झालं होतं. पुढे २००५ मध्ये सगळ्या देशाने ते उचललं.

उणी बाजूही सांगितली पाहिजे. एवढी वर्षं विदर्भाचा माणूस मुख्यमंत्री असूनही विदर्भातलं सिंचन मागे पडलं. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो अनुशेष आकड्यांत मांडला. त्याचा काही वाटा वसंतरावांच्या कारकिर्दीकडेही जातोच. २०१८ मध्ये नीती आयोगाने विकासात मागे राहिलेले ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते आणि त्या चारांत वाशिम होता. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत लाखो बंजारा भाविक येतात. २०२४ मध्ये तिथं नगाऱ्याच्या आकाराचं देखणं संग्रहालय उभं राहिलं, त्याचा आनंद आहेच. आसपासच्या तांड्यांतली माणसं मात्र आजही हंगाम संपला की कामासाठी बाहेरगावी जातात.

आणि ज्या संस्थेसाठी वसंतरावांनी आपली वकिली पणाला लावली, तिचं काय? १९६१ च्या त्याच कायद्यातल्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये निकाल दिला. त्या खटल्यात वाशिम जिल्हा परिषदेचंही आरक्षण होतं. न्यायालयाने माहिती गोळा करा, आयोग नेमा, एकूण पन्नास टक्क्यांची मर्यादा पाळा, असं सांगितलं. सरकारांनी त्यात वेळ घालवला आणि राज्यभर स्थानिक निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या. वाशिम जिल्हा परिषदेच्या जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२५ च्या सुरुवातीला संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे अधिकाऱ्याचं राज्य परत आलं. पाझर तलाव फुटला, शाळेची खोली गळायला लागली, की गावकऱ्याने कोणाच्या दारात जायचं? सदस्य असला तर त्याला चारचौघांत जाब विचारता येतो. प्रशासकाची बदली होते.

वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, वसंतरावांच्याच जन्मतारखेला. हा दिवस कृषिदिन म्हणून साजरा होतो; फोटोला हार घातला जातो, शेतकऱ्यांचे सत्कार होतात. ते व्हावेतच. पण जिल्ह्यातल्या तिन्ही आमदारांनी, वकील संघांनी आणि सगळ्या पक्षांनी त्या दिवशी एक लेखी मागणीही करावी: जिल्हा परिषदेची मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, आणि तसं न झाल्यास जबाबदार कोण, हे १९६१ च्या कायद्यातच लिहिलं जावं.