चोराची साक्ष

२७ मार्च १९९२ रोजी कोट्टायमच्या एका मठाच्या विहिरीत सिस्टर अभयाचा मृतदेह सापडला. कॉलेजात शिकणारी पोर! पोलिसांनी 'आत्महत्या' म्हटलं. लोक गप्प बसले नाहीत, म्हणून १९९३ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. पुढे कित्येक साक्षीदार उलटले. ठाम राहिला तो त्या रात्री तिथे तांब्याची तार चोरायला शिरलेला चोर! डिसेंबर २०२० मध्ये दोघांना जन्मठेप झाली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला.

मला वाटतं, आपलं कुतूहल दोन प्रकारचं असतं. एक मुलीच्या चारित्र्याभोवती घुटमळतं, दुसरं 'तपासाचं काय झालं?' असं विचारत राहतं. पहिलं आठवड्यात ओसरतं, दुसऱ्याला २८ वर्षं लागतात. आपलं कुठलं, ते ज्याचं त्यानं पाहावं...