सातबारा आहे, फेरफार कुठे?

दोन काळ्या ब्युइक रीगल गॅरेजात उभ्या आहेत असे धरा. दोन्ही १९८७ च्या, दोन्ही मिशिगनमधल्या पॉन्टियॅकच्या कारखान्यातल्या, दोन्हींत ३.८ लिटरचे टर्बो व्ही-६ इंजिन. व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचला तर सुरुवातीची अक्षरे तीच. आठव्या जागी इंजिनचा ७, दहाव्या जागी मॉडेल वर्षाचा एच, अकराव्या जागी कारखान्याचा पी, हेही दोन्हींत सारखेच. आता गिऱ्हाईक विचारते, यातली ग्रँड नॅशनल कोणती? व्हिनमध्ये याचे उत्तर नाही. ते डिकीचे झाकण उघडून आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर शोधावे लागते. तिथे डब्ल्यू-ई-२ असेल तर ग्रँड नॅशनल. डब्ल्यू-ई-४ असेल तर तिचे हलके भावंड, टर्बो-टी.

जनरल मोटर्सने हा कागद हौशी संग्राहकांसाठी लावलेला नव्हता. डीलरच्या पार्ट्स काउंटरवरच्या माणसाने अंदाजाने भाग मागवू नये, एवढाच त्याचा हेतू. म्हणून नावही रुक्ष: सर्व्हिस पार्ट्स आयडेंटिफिकेशन लेबल. वर व्हिन, रंगाचा आणि आतल्या कापडाचा कोड, आणि बाकी सगळी जागा तीन-तीन अक्षर-आकड्यांच्या रांगांना. कारखान्याच्या भाषेत हे आरपीओ, म्हणजे रेग्युलर प्रॉडक्शन ऑप्शन. आमच्या मते हा गाडीचा सातबारा आहे. आणि सातबाऱ्यावर व्यवहार करणाऱ्याला जी सावधगिरी लागते, तीच हा कागद वाचणाऱ्यालाही लागते.

वाचायला तो अवघड नाही. कोड वर्णक्रमाने लावलेले असतात आणि पहिल्या अक्षरावरून साधारण खाते कळते. ए म्हणजे बॉडी, सीट, काचा; जी म्हणजे मागचा अ‍ॅक्सल; एल म्हणजे इंजिन; एम म्हणजे गिअरबॉक्स; यू म्हणजे रेडिओ आणि मीटर. ए-३१ म्हणजे पॉवर खिडक्या, ए-यू-३ पॉवर डोअर लॉक, सी-सी-१ छपरातल्या काढता येणाऱ्या काचा, के-३४ क्रूझ कंट्रोल, एन-३३ टिल्ट स्टिअरिंग. कामाचे कोड मात्र पुढचे: एल-सी-२ हे १९८६-८७ चे इंटरकूलर असलेले टर्बो इंजिन, जी-यू-६ म्हणजे ३.४२ चा अ‍ॅक्सल रेशो, जी-८० म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. यातल्या जी-८० वर अनेक जण घसरतात. ग्रँड नॅशनल म्हटल्यावर लिमिटेड स्लिप असणारच, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तो वेगळे पैसे देऊन घ्यायचा पर्याय होता. लेबलवर जी-८० नसेल आणि अ‍ॅक्सलमध्ये लिमिटेड स्लिप निघाला, तर तो कोणी तरी नंतर घातला आहे. त्यात गैर काहीच नाही, पण तशी नोंद हवी.

खरी अडचण नोंदीचीच आहे. लेबल गाडीचा जन्म सांगते, पुढचे आयुष्य सांगत नाही. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक बदलामागे फेरफार नोंदवहीत एक नोंद असते: कोणी दिले, कोणी घेतले, कधी. चाळीस वर्षांच्या गाडीला असली वही नसते. मधल्या काळात इंजिन बदलले, अ‍ॅक्सल बदलला, कॉम्प्युटरची चिप बदलली, मागून धडक बसली म्हणून डिकीचे झाकणच दुसऱ्या रीगलचे आले. झाकणाबरोबर लेबलही आले. म्हणून लेबल हाती आले की पहिले काम कोड वाचण्याचे नाही. त्यावरचा व्हिन डॅशबोर्डवरच्या पट्टीशी अक्षर-अक्षर ताडून बघायचा. मग इंजिन ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सच्या केसिंगवर ठोकलेला अपुरा व्हिन काढायचा. त्यात मॉडेल वर्ष, कारखाना आणि अनुक्रमांक असतो. लेबल, इंजिन आणि गिअरबॉक्स तिन्ही पट्टीशी जुळले तर गाडी मूळची. एक जरी जुळला नाही, तरी गाडी लगेच खोटी ठरत नाही. तिचा एक फेरफार नोंदवायचा राहिला आहे, एवढेच ठरते.

लेबलच नसेल तर कारखान्याची बिल्ड शीट शोधावी. ती अनेकदा मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये किंवा पेट्रोल टाकीच्या वर अडकलेली सापडते. त्यामुळे टाकी उतरवताना वरचा कचरा हवेच्या पाइपने उडवून देऊ नये, आधी हाताने उचलून बघावा. लेबल फिके असेल तर थिनरचा बोळा जवळही नेऊ नये. धुळीबरोबर शाईही जाते. आडवा प्रकाश टाकून मोठ्या रिझोल्यूशनचे फोटो घ्यावेत आणि कॉम्प्युटरवर लाल, हिरवा, निळा असे रंग वेगळे करून पाहावेत. डोळ्यांना न दिसणारी अक्षरे त्यात पुष्कळदा उमटतात. डिकी रंगवायची असेल तर लेबल झाकून रंगवावे. ते सोलून ठेवू आणि नंतर चिकटवू, असे म्हणणाऱ्या रंगाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नये.

आता नकली लेबलांविषयी. जुन्या फॉन्टमध्ये, जुन्या कागदावर हवे ते कोड छापून मिळतात. मूळ लेबल जळाले किंवा गंजात गेले असेल आणि त्यातला मजकूर दुसऱ्या पुराव्याने सिद्ध होत असेल, तर प्रत लावायला आमची हरकत नाही, मात्र ती प्रत आहे हे गाडीच्या कागदपत्रांत लिहिलेले पाहिजे. गाडीवर कधीच नव्हता असा कोड छापणे ही सरळ फसवणूक आहे. गंमत म्हणजे तिच्यात बहुधा तोटाच असतो. १९८७ मध्ये ग्रँड नॅशनल २०,१९३ निघाल्या. डब्ल्यू-ई-४ ची टर्बो-टी, अ‍ॅल्युमिनियमचे बंपर सपोर्ट आणि अ‍ॅल्युमिनियमची चाके घेऊन आलेली, फक्त १,५४७. ती काळ्याच रंगात यायची, म्हणून तिला ग्रँड नॅशनलचे बिल्ले लावून विकण्याचा मोह अनेकांना झाला. दुर्मिळ गाडीला तुलनेने सामान्य गाडीचे सोंग देण्याचे हे उद्योग अजून थांबलेले नाहीत. उलट दिशेने साधी रीगल घेऊन तिच्यात टर्बो इंजिन बसवणारेही आहेत. त्यांना पकडायला अ‍ॅक्सल पुरतो. टर्बो गाडीत ८.५ इंचांचा डिफरन्शियल असतो, साध्या रीगलमध्ये ७.५ इंचांचा. मागून वाकून पाहिले की कळते.

लेबल खरे ठरले तरी कामाची दिशा त्यावरून ठरतेच, असे नाही. याचे सगळ्यात चांगले उदाहरण ब्रेकचे. या गाड्यांत इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर नाही. त्याऐवजी पॉवरमास्टर नावाचे युनिट: विजेची मोटर ब्रेक फ्लुइडचा दाब तयार करते, तो एका गोळ्यासारख्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठतो आणि पेडल दाबल्यावर सुटतो. टर्बो इंजिनमध्ये बूस्ट असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे कल्पना चुकीची नव्हती. पण प्रेशर स्विच अडकतो, अ‍ॅक्युम्युलेटरमधला वायू निघून जातो, आणि मग पेडल लाकडासारखे कडक होते, गाडी थांबत नाही. म्हणून बहुतेक मालकांनी व्हॅक्यूम बूस्टर बसवून घेतला. आता अशी गाडी आपल्याकडे आली तर काय करायचे? रोज चालणारी असेल तर व्हॅक्यूम बूस्टर ठेवावा, माणसाचा जीव मूळपणापेक्षा मोठा. पण काढलेले पॉवरमास्टर भंगारात न देता खोक्यात भरून, तारीख लिहून, गाडीबरोबरच द्यावे. स्पर्धेत उभी करायची असेल तर युनिट नीट दुरुस्त करून परत बसवावे आणि अ‍ॅक्युम्युलेटर नवा घालावा. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. जुने युनिट नुसते शोभेला ठेवून खाली लपवलेला बूस्टर चालवणे मात्र नाही.

कॉम्प्युटरचेही तसेच. प्रवाशाच्या पायाजवळच्या पॅनेलमागे १२२७१४८ क्रमांकाचा ईसीएम असतो. त्यातली चिप काढून नवी घालणे हा त्या काळापासूनचा हौसेचा भाग. नव्या चिपने बूस्ट आणि इग्निशन दोन्ही बदलतात. चिप कोणती आहे हे न बघता हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर गाडी पळवली तर आधी नॉक आणि मग हेड गॅस्केट जाते. एक्झॉस्टचे मूळ पाइप तडकलेले असतात. नवे घेण्याआधी वेल्डिंग होते का ते बघावे, कारण मूळचे मिळणे अवघड झाले आहे. मागच्या बंपरच्या दोन्ही टोकांना बसवलेले प्लास्टिकचे भराव बहुतेक गाड्यांत बोटाने दाबल्यावर तुटतात, तिथे नवे घालण्यावाचून गत्यंतर नाही. आणि रंग: कारखान्याचा काळा रंग आजच्या शोरूमसारखा आरसा नव्हता. त्यात संत्र्याच्या सालीसारखा पोत होता. तो घासून सपाट केला की गाडी सुंदर दिसते, पण १९८७ ची राहत नाही.

काढलेले भाग जपून ठेवण्याचा धडा अमेरिकेत फार आधी शिकायला मिळाला होता. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर आणि कॉर्व्हेअरची मोन्झा स्पायडर या दोन टर्बो गाड्या बाजारात आल्या. जेटफायरचे अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन २१५ घनइंचांचे आणि २१५ अश्वशक्तीचे होते. कॉम्प्रेशन जास्त असल्याने नॉक टाळायला डिस्टिल्ड वॉटर आणि मिथाइल अल्कोहोलचे मिश्रण इंजिनात सोडले जाई, त्याची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी होई आणि गाडी मंद पडे. कंटाळून अनेकांनी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला. काढलेले भाग कुठे गेले, कोणी लिहून ठेवले नाही. आज जेटफायर पुन्हा उभी करणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळ त्याच भागांच्या शोधात घालवावा लागतो.

दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत पद्धत वेगळी, तत्त्व तेच. फोर्डच्या मस्टँग एसव्हीओमध्ये किंवा थंडरबर्ड टर्बो कूपमध्ये दाराच्या खांबावरचे लेबल वाचावे लागते, त्यात अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सचे कोड असतात. फोर्डचा १९६७ पासूनचा उत्पादनाचा तपशील अ‍ॅरिझोनातल्या मार्टी ऑटो वर्क्सकडे परवान्याने आहे, त्यामुळे लेबल गेले तरी अहवाल मिळतो. १९८९ च्या पॉन्टियॅक टर्बो ट्रान्स अ‍ॅममध्ये ब्युइकचेच एल-सी-२ इंजिन आहे. तिथे व्हिनची आठवी जागा फार कामाची: ७ असेल तरच ती १,५५५ मधली एक.

हे सगळे मराठी मासिकात कशाला, असे काही वाचक विचारतील. आपल्या व्यवसायाची मुळे अमेरिकन गाड्यांतच आहेत, हे पहिले कारण. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये ते काम बंद केले. त्या गाड्यांवर आपल्या आधीच्या पिढीने हात बसवला, तोही बहुतेक स्मरणाच्या आणि अंदाजाच्या भरवशावर. दुसरे कारण कायद्याचे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाडीची व्याख्या आली: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नाही. म्हणजे मूळ रूप हा आता केवळ स्पर्धेतल्या गुणांचा विषय राहिला नाही, तो नोंदणीचाही आहे. गाडीत काय बदलले हे उद्या अधिकाऱ्यासमोर सांगायची वेळ आली, तर गॅरेजवाल्याची आठवण पुरावा म्हणून चालणार नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. या वर्षी गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीबरोबर एक वही द्या. पहिल्या पानावर लेबलचा किंवा बॉडी प्लेटचा फोटो आणि त्यातल्या प्रत्येक कोडचा अर्थ. अर्थ त्या त्या वर्षाच्या पुस्तकातूनच घ्यावा, कारण तोच कोड दुसऱ्या वर्षी दुसरेच काही सांगू शकतो. त्यानंतर काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती: कुठे गंज, कुठे लांबी, कुठे दुसऱ्या गाडीचा पत्रा. मग काढलेला प्रत्येक भाग, घातलेला प्रत्येक भाग, आणि काढलेला भाग आता कुठे आहे. शेवटी तुमची सही आणि तारीख. नवी प्रत लावली असेल तर तसे लाल शाईत.

याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. गिऱ्हाईक त्या वेळेचे वेगळे पैसे देत नसेल तर अंदाजपत्रकात ते पहिल्याच दिवशी धरा आणि कशासाठी धरले ते सांगा. बहुतेक गिऱ्हाइकांना ही वही आवडते, कारण विकताना तीच किंमत ठरवते. आणि एखाद्याने टर्बो-टी आणून डब्ल्यू-ई-२ चे लेबल लावून मागितले, तर त्याला दुसरे गॅरेज शोधायला सांगा. त्याचे काम गेले तरी तुमच्या सहीची पत राहते, आणि पुढची चार गिऱ्हाइके त्याच सहीवर विश्वास ठेवून येणार असतात.