उघाडीची झडप आणि सूक्ष्म कण

अलिबाग-पेणकडील खारभूमींतून हिंडलेल्या वाचकांस बांधांतील ‘उघाडी’ ठाऊक असेलच. भरतीचें पाणी बाहेरून रेटूं लागलें कीं तिची झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली कीं शेतांत सांचलेलें पाणी तीच झडप ढकलून खाडींत निघून जातें. समुद्र येतो तितकाच जातो. तरी उघाडींतून पाणी वाहतें तें एकाच दिशेस. झडप अडकून उघडी राहिली तर मात्र खारें पाणी आंत शिरून भातशेतीचा घात होतो.

ही युक्ति सूक्ष्म कणांस लागू पडेल काय? ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२७ सालीं पाण्यांत अखंड थरथरणारे परागांतील कण पाहिले. पाण्याचे रेणू त्यांस चोहोंकडून धक्के देत असतात. त्यांच्या वाटेंत इवलीशी उघाडी बसवून फुकट काम करून घ्यावें, असा मोह कोणासही होईल. स्मोलुचोव्स्कीनें १९१२ सालीं, व पुढें फाइनमननें आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत, तो साफ मोडून काढला. झडप कणाइतकी हलकी असली कीं तीही त्याच उष्णतेनें थरथरते, नको तेव्हां उघडते, आणि मिळविलें तितकें गमावते. आमच्या उघाडीसाठीं चंद्र-सूर्य राबतात (त्याची किंमत पृथ्वीच्या फिरण्यांतून वजा होते, हें निराळें!); सर्वत्र सारख्याच उष्ण असलेल्या पाण्यांत असें राबणारें कोणी नसतें.

तें बाहेरून आणावें लागतें. करवतीच्या दांत्यांसारखे बांध ओळीनें कल्पावे; प्रत्येकाची एक बाजू उभी, दुसरी लांबवर उतरती. मधल्या खोलगटांत बसलेल्या कणांस उभ्या बाजूचा माथा जवळ, दुसरा दूर. क्षणभर सारे बांध नाहींसे केले तर कण दोहों बाजूंस सारखेच पांगतील. बांध पुन्हां उभे राहिले कीं जवळच्या माथ्यापलीकडे गेलेले कण पुढल्या खोलगटांत घसरतात. दूरचा माथा गांठणारे थोडेच. हें पुनःपुन्हां केलें म्हणजे सारा समुदाय एका दिशेस सरकूं लागतो. अज्दारी व प्रोस्त यांनीं १९९२ सालीं हें मांडलें, आणि १९९४ सालीं विजेचे असे ‘बांध’ घालून-काढून तें प्रयोगांत दिसलें.

आपल्या मज्जातंतूंत सामान वाहणारें कायनेसिन हें प्रथिन याच थरथरींत ८ नॅनोमीटरचें, म्हणजे मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाएवढें, एकेक पाऊल टाकतें, आणि दर पावलास एटीपीचा एक रेणू खर्ची घालतें.